कर्ता हयात नाही

त्या घरात सकाळी दहानंतर श्वास घ्यायचा तोही मास्तरांच्या परवानगीने. पुढच्या खोलीच्या दारावर एक लाल दिवा होता. तो लागला की आत रेकॉर्डिंग सुरू झालं असं समजायचं. मग नळ बंद, पंखा बंद, आणि खोकला आलाच तर उशीत तोंड खुपसायचं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, खिडकीला दुहेरी काच होती, तरी मास्तरांच्या कानांना स्वयंपाकघरात पडलेला चमचा ऐकू यायचा. म्हणून दिवा लागला की आत्या कुकरची शिटी व्हायच्या आत गॅस बंद करायची आणि हातात डाव घेऊन होती तिथे उभी राहायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एकदा चाळीस मिनिटं उभी होती. भाजीचा विचका झाला आणि जेवताना तिलाच बोलणी खावी लागली.

आत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी नवरा गेला, तेराव्या महिन्यात सासरच्यांनी दोन बोचक्यांसकट तिला भावाच्या दारात आणून सोडलं. सामान सोडतात तसं. त्याला आता तेहेतीस वर्षं झाली. मास्तर चारचौघांत अभिमानाने सांगायचे, "ताईला मी कधी काही कमी पडू दिलं नाही." यात तसूभरही खोटं नव्हतं. दोन वेळचं जेवण होतं, कोठीच्या खोलीत एक खाट होती, आणि कामाची तर कधीच कमी पडू दिली नव्हती.

त्या मंगळवारी मास्तरांची मुलगी सुट्टी नसताना घरी आली. घरात तिला सगळे बटण म्हणायचे. लहानपणी रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं काम तिच्याकडे होतं आणि दिसायलाही ती तशीच गोल, छोटी होती. आता ती मोठ्या शहरात संगीताचे उद्योग कसे चालतात ते शिकत होती. शेजारीण तिला दर खेपेला विचारायची,

"म्हणजे गाणं शिकतेस?"

"नाही काकू, गाण्याचं पुढे काय होतं ते शिकते."

"मग गातेस कधी?"

"तेवढं राहून जातं."

"घ्या! म्हणजे स्वयंपाक न करता भांडी घासायची," असं म्हणून काकू जायच्या.

यंदा तिच्या प्राध्यापक बाईंनी प्रत्येकाला एकेक गाणं शोधायला दिलं होतं. ज्याचं त्याने निवडायचं. पहिल्या तोंडापासून शेवटच्या कानापर्यंत ते गाणं कोणाकोणाच्या हातातून गेलं, प्रत्येक हाताने त्याचं काय केलं, ते कागदांनिशी मांडायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी गाजलेल्या गायकांची गाणी घेतली. बटणने आत्याचं गाणं घेतलं.

कारण आत्याचं गाणं जगभर वाजत होतं. एका परदेशी कुलूप कंपनीने ते आपल्या जाहिरातीत घेतलं होतं. मग लोकांना वेड लागलं. कुठले कुठले लोक, कुठली कुठली घरं. दार उघडायचं, गाण्याच्या ठेक्यावर उंबऱ्यावरून उडी मारायची आणि मोबाइलवर त्याची चित्रफीत टाकायची. म्हातारे उड्या मारत होते, पोरं मारत होती, एकाने तर आपलं कुत्रं घेऊन मारली.

"बघ तरी आत्या!" बटणने फोन तिच्यापुढे धरला.

आत्याने ओले हात फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि पाहिलं. बारा मुलींचा आवाज, खाली परदेशी ढोल.

उंबऱ्या रे उंबऱ्या, सर ना बाजूला,
आत येताना गोड होतास, आता काय झालं तुला?

माहेरी परत आल्यावर पहिल्याच वर्षी हे गाणं तिच्या तोंडून आलं होतं, भांडी विसळता विसळता. पुढे ती ते रोज म्हणत राहिली. मास्तरांच्या गाण्याच्या क्लासच्या मुली पाणी प्यायला आत यायच्या, त्यांच्या तोंडी ते बसलं. आठ वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याचं रेकॉर्डिंग केलं.

"कुलपाची जाहिरात आहे होय ही?" आत्या म्हणाली.

"हो."

"मी म्हणतेय उघड आणि हे विकतायत कुलपं. बरे आहेत की." ती हसली. मग पुन्हा पाहायला मागितलं. पुन्हा मागितलं. चौथ्यांदा पाहताना तिचे ओठ हलत होते आणि आवाज मात्र नव्हता, ना तिचा ना फोनचा, कारण दारावरचा दिवा लागला होता.

दिवा विझल्यावर बटणने फडताळातले डबे काढून फरशीवर रांगेने मांडले. आत्याला समजावायला तिला दुसरं काही सुचलं नाही.

"हा पिठाचा डबा म्हणजे बाबा. त्यांनी रेकॉर्ड केलं आणि या साखरेच्या डब्याला दिलं. ही वितरक कंपनी. तिने अशी हजारो गाणी गोळा केली आणि सगळी एकगठ्ठा या मोठ्या डब्याला विकली. ही आणखी एक परदेशी कंपनी. तिने आवाजांचं एक भांडार केलंय. जाहिरातवाले तिथे येतात, 'घरगुती, आनंदी, अनोळखी भाषा' असं शोधतात आणि उचलतात."

"आनंदी?" आत्याने विचारलं.

"तसं लिहिलंय तिथे."

आत्याने डब्यांच्या रांगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि यात मी कुठल्या डब्यात गं?"

बटणने फोनवरची नोंद उघडून दाखवली. गाण्याखाली कर्त्याच्या जागी प्रत्येक ठिकाणी एकच शब्द होता. जाहिरातीत, भांडारात, वितरकाच्या यादीत. पारंपारिक. म्हणजे कोणाचंच नाही. आलं कुठून तरी, वाऱ्यावर.

"चोर आहेत आत्या हे लोक," तिचे कान लाल झाले होते. "तिकडे कचेरीत बसलेल्या कोणीतरी ठोकून दिलं हे. मी सोडणार नाही. मूळ अर्ज मागवलाय मी वितरक कंपनीकडून. कोणी लिहिलं ते नावानिशी वर्गात वाचून दाखवणार आहे."

आत्याने डबे उचलून एकेक करून फडताळात ठेवले.

दुसऱ्या दिवशी अर्जाची प्रत आली. बटण कोठीच्या खोलीत आत्याच्या खाटेवर बसून वाचत होती. संयोजन: मास्तरांचं नाव. गायन: क्लासच्या बारा विद्यार्थिनी. शब्द व चाल: पारंपारिक.

पारंपारिक. दुसऱ्या 'प'ला एक काना जास्तीचा.

शाळेत याच शब्दावरून तिने तीन वेळा छडी खाल्ली होती. बाई फळ्यावर लिहून दाखवायच्या, पारंपरिक, पारंपरिक, आणि पुढच्या वहीत तिचा काना परत हजर. हा काना वितरकाने जसाच्या तसा उतरवला, मोठ्या कंपनीने उतरवला, जाहिरातवाल्यांनी उतरवला, आणि आज तो सगळं जग फिरून तिच्या हातात आला होता. तारीख पाहिली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरात संगणकावर मराठी टंकता येणारी ती एकटीच.

आता सगळं आठवलं. ती दारातून ओरडली होती, "बाबा, शब्द नि चाल कोणाची लिहू?" आणि मास्तर तारा गुंडाळत म्हणाले होते, "घरचंच आहे ते. पारंपरिक लिही आणि मोकळी हो." ती मोकळी झाली होती.

चोर शोधायला निघालेल्या पोरीला आरशात चोर सापडला. इतकी वर्षं शिकून, मोठमोठ्या कंपन्यांचे नकाशे काढून तिला जे कळलं नव्हतं ते एका कान्याने कळवलं. हजारो मैलांवरच्या माणसाने आत्याचं नाव पुसलं नव्हतं. पुसायला ते त्याच्यापर्यंत पोहोचलंच कुठे होतं?

ती स्वयंपाकघरात गेली. आत्या भाजी निवडत होती.

"आत्या, ते मी लिहिलं होतं."

"माहितीय."

"माहितीय?"

"मी इथेच होते की गं. तू तिथून ओरडलीस, तो तिथून ओरडला. मधे मीच होते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू लहान होतीस. तो घाईत होता." आत्याने एक देठ मोडला. "आणि मला वाटलं, निदान गाणं तरी बाहेर जातंय."

संध्याकाळी बटण बापासमोर उभी राहिली. मास्तर वाईट माणूस नव्हते. ते चिडलेही नाहीत. समजुतीच्या सुरात बोलले, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"हे बघ, बटण. बारा मुलींनी म्हटलं की ते लोकगीत होतं. लोक ठेका धरतात. तेच एका बाईचं म्हणून सांगितलं, तेही नवरा गेलेल्या बाईचं, की लोक अर्थ लावतात. उंबऱ्या, बाजूला सर! कशाला? कुठे जायचंय हिला? कोणाकडे? भाऊ छळतो का? उद्या क्लासला कोणी मुली पाठवेल? मी तिचं नाव झाकलं म्हणून तिची इज्जत राहिली. मी तिला ऊनसुद्धा लागू दिलं नाही."

"तिने विचारलं होतं का झाकायला?"

"घरातल्या बाईचं नाव बाजारात नेत नाहीत. हे काय विचारायचं असतं?"

"गाणं नेलंत की."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती परक्या भाषेत बोलली. त्यांना खरोखरच फरक कळत नव्हता. बाईचं काम बाहेर न्यायचं आणि बाई आत ठेवायची, ही रीत त्यांच्या बापाची, त्यांच्या गुरूंची, गल्लीतल्या निम्म्या घरांची. तिला ते अब्रू म्हणत. घरात राबणारी बाई, तिचा हात, तिचा गळा, तिचं डोकं, सगळं वापरून वर 'घरचंच आहे ते' म्हणायचं, आणि याला अब्रू म्हणायचं!

शुक्रवारी वितरक कंपनीचा माणूस आला. दुपारची वेळ होती. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवीभर कागद. कुलूप कंपनीला गाणं आणखी दहा वर्षांसाठी हवं होतं, म्हणून त्यांच्या वकिलांनी एक प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. मास्तरांची सही आणि घरातल्या वा शेजारच्या दोन वडीलधाऱ्यांची साक्ष. नुसती औपचारिकता, तो म्हणाला.

"ताई, जरा बाहेर ये," मास्तरांनी हाक मारली. "इथे सही करायचीय. तू घरात सगळ्यांत मोठी."

आत्या आली. खुर्चीच्या कडेला बसली. बटण दारात उभी होती. बटणच्या आईने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि तीही थांबली.

"काय लिहिलंय यात?" आत्याने विचारलं.

"नेहमीचं असतं हो मावशी," तो माणूस म्हणाला. "वेळ कशाला घालवताय."

"मला वेळच वेळ आहे. वाचा तुम्ही."

त्याने घसा खाकरला. "सदर गीत आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गायले जात असून त्याचा कोणीही कर्ता हयात नाही, असे आम्ही खालील सह्या करणार सत्यप्रतिज्ञेवर…"

"थांबा. हयात नाही म्हणजे मेलेला ना?"

"म्हणजे, तसं कायद्याच्या भाषेत…"

"मेलेलाच ना?"

"हो, तसंच."

"मग मेलेल्या बाईची साक्ष चालते का तुमच्या कायद्यात?"

त्या माणसाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी हसण्याचा प्रयत्न केला. "ताईला थट्टेची सवय आहे."

"थट्टा नाही करत रे," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण हात गुडघ्यावर घट्ट दाबलेले होते. "आठ वर्षांपूर्वी तू पारंपरिक म्हणालास, मी ऐकून घेतलं. निदान त्यात मी मेले असं नव्हतं. आज तू मलाच म्हणतोस, तू मेलीस असं सही करून दे. नाही देणार. पैसे तू घे, संयोजन का काय ते तुझं तुला राहू दे. गाणं मी केलंय एवढं म्हण. एवढंच म्हण, मग हव्या तेवढ्या सह्या घे."

गाद्यांनी मढवलेल्या त्या भिंतींनी असलं वाक्य याआधी कधी शोषलं नसेल.

"ताई, आत जा," मास्तर म्हणाले.

ती उठली, पण मान खाली घालून नाही. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं. "दुसरं कोणी असेल तर बघा ना. वहिनी आहेत की."

मास्तरांनी पेन बायकोपुढे धरलं. आईने नणंदेकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"आई, नको," बटण म्हणाली.

"तू परवा निघून जाशील," आई हळूच म्हणाली. "मला याच घरात राहायचंय." आणि तिने सही केली. दुसरी साक्ष शेजारच्या काकांनी दिली. ते कागद न वाचताच सही करून गेले, चहासुद्धा घेतला नाही. खोट्याला साक्षीदार मिळायला अर्धा तासही लागला नाही.

त्या दिवसापासून मास्तर बहिणीशी बोलेनासे झाले. एकच निरोप बायकोच्या तोंडून आला: ताईंना सांग, स्वयंपाकघरात गुणगुणायचं नाही, रेकॉर्डिंगमध्ये येतं.

बटणने वितरक कंपनीकडे रीतसर हरकत नोंदवली. पहिल्याच ओळीत तिने लिहिलं की मूळ अर्जातली नोंद खोटी आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. मग गाण्याची कर्ती म्हणून आत्याचं पूर्ण नाव लिहिलं आणि आत्याने त्याखाली सही केली. एकेक अक्षर दाबून, कागदाच्या पलीकडे उमटेल इतकं.

कंपनीचं उत्तर आठवड्याने आलं, फार सभ्य भाषेत. नोंद करणारीची स्वतःची साक्ष चालणार नाही. घरातल्या माणसाचीही नाही. रेकॉर्डिंगच्या आधी ज्यांनी हे गाणं या बाईंकडून प्रत्यक्ष ऐकलं वा शिकलं असेल अशा बाहेरच्या किमान एका व्यक्तीचं लेखी निवेदन पंचेचाळीस दिवसांत सादर करावं.

एक व्यक्ती! बटणला हसूच आलं. बारा होत्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, 'तुला' या शब्दावर आवाज आधी वर जाऊन मग पायरी चुकल्यासारखा खाली येतो, ते वळण कोणालाच जमेना, तेव्हा मास्तरांनीच हाक मारली होती, "ताई, जरा दाखव यांना." ओल्या हातांनी आत्या दारात उभी राहिली होती आणि चार दुपारी तिने ते वळण एकेकीच्या गळ्यात बसवलं होतं. बाराही जणींनी पाहिलं होतं, शिकलं होतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला आत पाठवलं गेलं, हेही बाराही जणींना ठाऊक होतं.

ती घरोघर निघाली. बाराही जणी आता संसारी बाया झाल्या होत्या.

पहिलीने दारातच मिठी मारली. "अगं, आत्यांचं वळण! अजून येतं मला." आणि गाऊनही दाखवलं. कागद काढल्यावर म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते हं." ह्यांनी काय सांगितलं ते कधीच कळलं नाही.

दुसरीच्या सासूबाई दोघींच्या मधे येऊन बसल्या. "वकील, कंपनी, साक्ष, आमच्याकडच्या मुली यात पडत नाहीत," त्या म्हणाल्या. आमच्याकडची मुलगी कपातल्या चहाकडे बघत राहिली.

तिसरी बँकेत नोकरीला. शिकलेली, फाडफाड बोलणारी. तिने पूर्ण कागद वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि म्हणाली, "तात्त्विकदृष्ट्या तुझं बरोबर आहे. पण मास्तरांनी मला उभं केलं. त्यांच्याविरुद्ध लिहायचं म्हणजे कृतघ्नपणा नाही का?"

"आणि तुला वळण कोणी शिकवलं?"

"मास्तरांनीच बोलावलं होतं ना त्यांना!"

सहावी म्हणाली, मला आठवत नाही. निरोप देताना जिन्यापर्यंत आली आणि रडली. नववीने विचारलं, यात आत्यांना मिळणार काय? बटण म्हणाली, नाव. त्यावर ती म्हणाली, "नाव घेऊन काय करायचंय गं या वयात?"

आणि हे कोणी पुरुषाने म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. ज्यांचं स्वतःचं कामही उद्या 'घरचंच आहे ते' म्हणून खपवलं जाणार, त्यांनी म्हटलेलं आहे.

मधल्या काळात बटणने वर्गात आपलं काम मांडलं. परदेशी कंपनीचा भाग आला तेव्हा सगळे चवताळले, टाळ्या पडल्या. मग तिने मूळ अर्ज पडद्यावर दाखवला आणि म्हणाली, "हा रकाना मी भरला." टाळ्या थांबल्या. प्राध्यापक बाईंनी नंतर बाजूला घेऊन सुचवलं, घरचा भाग थोडा कमी कर, विषय जागतिक राहू दे. बटण म्हणाली, "बाई, जग माझ्या स्वयंपाकघराच्या दारातून सुरू होतं. तेवढं सोडून बाकीचं मला मांडता येणार नाही."

घरी आत्या स्वयंपाक करते, कपडे वाळत घालते, दिवा लागला की गॅस बंद करते. गुणगुणत नाही. फोनवर बटणला एवढंच विचारते, "कितवी झाली?"

अकरा झाल्या. एकतीस दिवस गेले, चौदा उरले.

बारावीचा पत्ता लागत नाही. लग्न होऊन दूर गेली एवढंच कळतं. रांगेत ती डावीकडून शेवटची उभी राहायची. गळा जड होता, वळणाला हमखास अडखळायची, इतर मुली हसायच्या. चार दुपारी संपल्यावरही तिला जमलं नव्हतं, म्हणून आत्याने पाचवी दुपार एकट्या तिच्यासाठी काढली होती. तिची हनुवटी दोन बोटांनी वर धरून, "घाबरू नकोस, आवाज पडला तर पडू दे, तो पडायलाच आहे तिथे," असं सांगत.

बाई, तू कुठे असशील ते माहीत नाही. तुझ्या गावातही ते गाणं वाजत असेल, तुझी पोरंही दारातून उड्या मारत असतील. त्याखाली काय लिहिलंय ते तू वाचलं असशील आणि खोटं आहे हे तुला ठाऊक आहे. मास्तरांना शिव्या घालायची गरज नाही, कंपनीशी भांडायची गरज नाही. ज्या बाईने तुझी हनुवटी धरली होती ती अजून आहे. तेवढंच लिहून दे.